लिस्बनचा गेंडा आणि साग्रिशचा वारा

मंगळवार, बेलें

बेलें हा लिस्बनचा नदीकाठचा भाग. तिथे सकाळी लवकर जा, दुपारी रांग वाढते, असं लिस्बनमध्ये सगळेच सांगतात. परिणामी रांग सकाळीच असते. पंधरा नंबरची ट्राम इतकी ठासून भरलेली की दादाला विरार फास्टची आठवण झाली आणि तो खूशच झाला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अख्खी नोकरी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून केली, आता वसईत असतो. जगातली निम्मी बंदरं त्यानं पाहिली आहेत, पण इंजिनरूममधून वर येऊन जेवढी दिसतील तेवढीच. आम्ही दोघं वसईचे. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये लपाछपी खेळलेले. पोर्तुगीज म्हटलं की आम्हाला १७३९ आणि चिमाजी अप्पा आठवतात. त्या लोकांनी आमच्या गावात काय बांधलं ते रोजच दिसायचं. आपल्याकडून त्यांच्याकडे काय गेलं ते मात्र कधी पाहिलं नव्हतं. या सहलीचं एवढंच निमित्त.

नदीकाठी पन्नास मीटरहून उंच दगडी गलबत उभं आहे, शोधयात्रांचं स्मारक. सगळ्यात पुढे राजपुत्र हेन्री आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंनी चढत जाणारी मंडळी : वास्को द गामा, मॅगेलन, काब्राल, आपल्या गोव्यात चिरनिद्रा घेत असलेला फ्रान्सिस झेवियरही. इतक्या पुरुषांत बाई एकच, हेन्रीची आई फिलिपा. हे स्मारक १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, आजचं पक्कं बांधकाम १९६० चं. म्हणजे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीनं साम्राज्याचा एवढा मोठा दगड रोवला आणि पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा हातचा गेला. दादा म्हणाला, "टायमिंग बघ यांचं."

पायाशी संगमरवराचं भलंमोठं होकायंत्र आणि त्याच्या मधोमध जगाचा नकाशा आहे. कोणत्या साली कुठे पोचले ते त्यावर कोरलंय. कुणी कुठे वाट दाखवली, हे नाही.

जेरोनिमुश मठाचं काम १५०१-०२ च्या सुमारास सुरू झालं. खर्च भागवायला राजा मानुएलनं आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावर सुमारे ५ टक्के कर लावला. मिरी, दालचिनी आणि लवंग त्यातून वगळली होती, कारण तो नफा थेट राजाच्याच खिशात जायचा. बाहेरून मठ म्हणजे दगडाची जाळी : दोरखंड, गाठी, पोवळी, समुद्रातलं जे जे म्हणून कोरता येईल ते सगळं. मला विचाराल तर जरा जास्तच कोरलंय. आत गेल्यावर मात्र खांब झाडांसारखे सरळ वर जातात आणि छताला फुटतात, तिथे मी गप्प झाले.

दारातून आत शिरल्या शिरल्या दोन थडगी आहेत, एक वास्को द गामाचं आणि समोर कामोंइश कवीचं. दोन्ही एकोणिसाव्या शतकात घडवलेली. वास्को मेला आपल्या कोचीत, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. आधी तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला, पुढे १५३९ मध्ये पोर्तुगालला नेला आणि इथे यायला त्याला १८८० उजाडलं. कामोंइशची हाडं त्याचीच आहेत याची खात्री कुणी देत नाही. लोक वास्कोपाशी फोटो काढत होते. वेदीजवळ कुणीच नव्हतं आणि खरी गंमत तिथे आहे. मानुएल आणि त्याच्या घराण्याच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. सिंह नाही, गरुड नाही. हत्ती. युरोपच्या टोकावरच्या राजाला मेल्यावरही आपलं वैभव हत्तीशिवाय दाखवता येईना.

बाहेर आलो तेव्हा घंटा वाजत होती. दादा नेमका म्हणाला, "भीमाशंकरला ऐकलीय अशीच." वसई मोहिमेत मराठ्यांनी चर्चच्या घंटा काढून नेल्या, त्या भीमाशंकरला, मेणवलीला, नाशकात नारोशंकराच्या देवळात अजून टांगलेल्या आहेत. त्यामुळे नुसतं त्यांनीच नेलं असंही नाही.

संध्याकाळी बेलेंचा बुरूज. हा १५१४ ते १५१९ च्या दरम्यान बांधला. सगळे समोरून फोटो काढतात. तुम्ही गेलात तर पश्चिमेकडच्या बाजूला या आणि बुरुजाच्या कोपऱ्यावरच्या टेहळणी चौकीखाली बघा. एक झिजलेलं तोंड बाहेर आलेलं दिसेल. शिंग केव्हाच गेलंय. तो गेंडा आहे, आणि तो गुजरातचा.

हिंदुस्थानातला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह किल्ल्याला काही केल्या राजी होईना, पण नकार देतानाही शिष्टाचार हवा, म्हणून त्यानं जिवंत गेंडा भेट दिला. आल्बुकर्कनं तो गोव्याहून राजाकडे धाडला. १५१५ च्या जानेवारीत निघालेला हा प्राणी मोझांबिक, सेंट हेलेना, अझोर्स करत २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमनांच्या नंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. सोबत त्याचा माहूतही आला होता, पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव ओसेम असं पडलंय. त्या माणसाला लिस्बन कसं वाटलं, तो परत गेला की नाही, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. राजानं काय केलं, तर वाड्यासमोर गेंडा आणि हत्तीची झुंज लावली. हत्ती पाठ फिरवून पळाला. पुढे गेंडा पोपला नजर म्हणून रोमला रवाना केला आणि इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं. साखळ्यांनी बांधलेला प्राणी पोहणार कसा? तिकडे जर्मनीत ड्यूरर या चित्रकारानं केवळ एका पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याचं चित्र छापलं, अंगावर चिलखताचे पत्रे आणि मानेवर एक जादा शिंग लावून. पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपला गेंडा म्हणजे तोच वाटत होता.

बुधवार, लिस्बन

सकाळ राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात. इथे फार कमी लोक येतात आणि मला ते बरंच वाटलं.

जपानी पडदे पाहायला थांबलो ते तासभर हललो नाही. पोर्तुगीज जपानात पोचले १५४३ मध्ये. सोळाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी कानो घराण्याच्या चित्रकारांनी सोनेरी पडद्यांवर त्यांचं काळं जहाज रंगवलं. नागासाकीला उतरणारे हे पाहुणे जपान्यांना कसे दिसले? नाकं लांब, विजारी फुग्यासारख्या फुगलेल्या, काळ्या झग्यातले पाद्री, वर छत्री धरून चालणारे नोकर. डोलकाठीवर माणसं माकडांसारखी लटकताहेत. लिस्बनभर पोर्तुगीजांनी काढलेले स्वतःचे पुतळे पाहून आल्यावर हे पडदे पाहिले की हसूच येतं. दादा दोरखंडांवरच्या माणसांकडे बोट दाखवून म्हणाला, "याला सेफ्टी हार्नेस नाही, याला पण नाही."

वरच्या मजल्यावरचं बेलेंचं सुवर्णपात्र, चर्चमधली पवित्र भाकर ठेवून दाखवायचं, पाहायला मात्र हसत जाता येत नाही. सोनार जिल व्हिसेंतीनं ते १५०६ मध्ये पूर्ण केलं. बोटभर उंचीचे बारा शिष्य गुडघे टेकून बसलेत, प्रत्येकाचा चेहरा निराळा, मिन्याचे रंग अजून ताजे. सोनं आलं किल्व्याहून, आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरून. तिथल्या सुलतानाकडून वास्को द गामानं दुसऱ्या सफरीत खंडणी म्हणून वसूल केलेलं. त्याच सफरीत, १५०२ मध्ये, मलबारच्या किनाऱ्यापाशी त्यानं हजहून परतणारं 'मिरी' जहाज अडवलं, लुटलं आणि बायकापोरांसकट जाळलं. बायका दागिने पुढे करत होत्या, लेकरं उचलून दाखवत होत्या. हे लिहून ठेवलंय ते त्याच्याच ताफ्यातल्या तोमे लोपिशनं. काचेच्या पेटीखालच्या पाटीवर किल्व्याचं नाव आहे. मिरीचं नाही.

दुपारी नदीकाठच्या मोठ्या चौकात. इथे राजवाडा होता, मसाल्याच्या व्यापाराची सगळी हिशेबवही ठेवणारं 'कासा दा इंदिया' होतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात दोन्ही गेलं, कागदपत्रांसकट. गेंड्याची झुंज याच परिसरात झाली. आज तिथे सेल्फी आणि भाजलेले चेस्टनट.

कॉफीबरोबर काचेच्या कपाटात दिसली म्हणून 'शमुसा' मागवली. समोसाच तो. लिस्बनच्या कुठल्याही साध्या कॅफेत क्रोकेटच्या शेजारी ठेवलेला असतो, गोव्यातून आणि मोझांबिकमधून आलेल्या माणसांबरोबर इथे रुळलेला. पारी पातळ, आकार लहान, आत खिमा. विचारून घ्या, बहुतेकदा बीफ असतं. बरोबर चटणी नाही, हा मात्र अन्याय आहे.

गुरुवार, लागुशकडे

बसनं दक्षिणेला. रस्ताभर, ज्यांच्या सालीची बाटल्यांना बुचं करतात ती झाडं, कंबरेपर्यंत सोललेली, लालसर खोडं उघडी पडलेली आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात एक आकडा. साल कोणत्या वर्षी काढली त्याचा तो शेवटचा आकडा. पुढची नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही. दादा वाटेत झोपला.

रात्री पिरी-पिरी चिकन. अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून आफ्रिकेत गेली, तिथे जहाल झाली आणि इकडे परत आली. आपल्याकडेही ती त्यांच्याच जहाजांतून उतरली. कोल्हापूरकरांनी हे ऐकून रागावू नये. चिकन चांगलं होतं.

शुक्रवार, लागुश

लागुश सुंदर आहे. पिवळे कडे, हिरवं पाणी, गल्ल्यांत पांढरी घरं. मुख्य चौकात हेन्री हातात यंत्र घेऊन बसलाय. तिथेच, त्याच्या पाठमोरं म्हणता येईल इतक्या जवळ, कमानींची एक छोटी इमारत आहे : गुलामांचा बाजार. इमारत पंधराव्या शतकातली नाही, पण आता तिथे गुलामगिरीच्या वाटेचं छोटंसं संग्रहालय केलंय.

लागुशचाच जिल यानिश १४३४ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोजादोर भूशिर ओलांडून गेला. त्यापुढे समुद्र उकळतो, परत येता येत नाही अशी समजूत होती. समजूत खोटी निघाली आणि दहाच वर्षांत, ८ ऑगस्ट १४४४ ला, लांसारोती नावाच्या कप्तानाची गलबतं आफ्रिकेतून २३५ माणसं धरून या किनाऱ्याला लागली. हेन्री घोड्यावर बसून बघत होता. त्याचा वाटा पाचवा हिस्सा, ४६ माणसं. हा प्रसंग आपल्याला कळतो तो हेन्रीचं गुणगान करण्यासाठीच नेमलेल्या झुरारा या बखरकाराकडून. वाटण्या सारख्या व्हाव्यात म्हणून बापापासून मुलगा, भावापासून भाऊ कसा तोडला, आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर कशा पालथ्या पडल्या, हे सगळं त्यानं लिहिलंय. स्वतःला रडू आल्याचंही लिहिलंय. आणि शेवटी, आत्मे तर वाचले, असं म्हणून पुढे गेलाय.

माझा या बखरकारावर जेवढा राग आहे तेवढाच उपकारही वाटतो. त्याच्यानंतर आलेल्यांनी तेवढंही लिहिलं नाही.

२००९ मध्ये गावाच्या वेशीबाहेर भूमिगत पार्किंगसाठी खोदताना जुन्या उकिरड्यात दीडशेहून अधिक आफ्रिकी माणसांचे सांगाडे सापडले. पुरलेले नव्हते, टाकलेले होते. काहींचे हात बांधलेले असावेत अशा अवस्थेत, काही लहान मुलं. पार्किंग झालं. वर मिनी गोल्फ आहे. आम्ही तिथवर चालत गेलो. एक जोडपं आपल्या मुलीला बॉल कसा मारायचा ते शिकवत होतं. त्यांची काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसणार.

दादा त्या रात्री फारसा जेवला नाही.

शनिवार, साग्रिश

लागुशहून बसनं तासभर. युरोपचा नैर्ऋत्य कोपरा. खाली उतरताच वाऱ्यानं टोपी नेली, ती परत काही मिळाली नाही.

पाठ्यपुस्तकातला धडा आठवतोय? साग्रिशला हेन्रीनं नौकानयनाची शाळा काढली, जगभरचे विद्वान जमवले. किल्ल्यात शाळेचं नावनिशाण नाही. तशी शाळा असल्याचा पुरावाच नाही, असं इतिहासकार गेलं शतकभर सांगताहेत. हेन्री मेला मात्र इथेच, १४६० मध्ये. ज्याला जग 'नाविक' म्हणून ओळखतं तो स्वतः मोरोक्कोच्या पलीकडे कधी गेला नाही. किल्ल्यात गोट्यांनी आखलेलं ४३ मीटर व्यासाचं एक वर्तुळ आहे, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा असलेलं. होकायंत्र असेल, सूर्यघड्याळ असेल, धान्य मळायचं खळं असेल. मला खळंच वाटलं.

पण दादाला इथे जे सापडलं ते शाळेपेक्षा मोठं होतं. कड्याच्या टोकाला उभा राहून तो वाऱ्याकडे तोंड करून मला समजावू लागला.

"बघ, वारा उत्तरेकडून येतोय. आफ्रिकेच्या बाजूनं खाली जाणं सोपं, वारा पाठीशी. परत यायचं कसं? नाकासमोर वारा. मग यांनी काय केलं? घराकडे तोंड न करता उलट पश्चिमेला, भर समुद्रात गेले. अझोर्सच्या उंचीपर्यंत. तिथे पश्चिमेचा वारा मिळतो, तो घरी आणून सोडतो."

"घरी जायला घरापासून लांब जायचं?"

"तेच तर. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं ना, त्याच्या पाया पडायला पाहिजे. पुतळा त्याचा हवा."

वास्कोनं हेच प्रकरण दक्षिणेत आणखी मोठ्या प्रमाणावर केलं. ८ जुलै १४९७ ला चार जहाजं आणि सुमारे १७० माणसं घेऊन बेलेंहून निघाला. केप व्हर्द सोडल्यावर किनारा धरून न जाता अटलांटिकमध्ये असा काही वळसा घेतला की तीन महिने जमीन दिसली नाही.

"आणि आपल्याकडे आल्यावर?" मी विचारलं.

दादा हसला. "आपल्याकडे आल्यावर अक्कल संपली."

त्याचं म्हणणं खरं आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला त्यांना या समुद्राची माहिती असलेला वाटाड्या मिळाला. एप्रिलच्या शेवटी नैर्ऋत्य वारा धरून ते निघाले आणि साडेतीन-चार आठवड्यांत, २० मे १४९८ ला, कालिकतपाशी नांगर टाकला. परतताना वाटाड्याचं ऐकायला कुणी नव्हतं. कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर जहाजं धुऊन-डागडुजी करून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निघाले. कोकणातला कुठलाही नाखवा सांगेल की तेव्हा पश्चिमेकडे न्यायला वारा नसतो. थोडं थांबा, ईशान्येचा धरू द्या, मग तो आपण होऊन नेतो. ते थांबले नाहीत. कधी वारा पडलेला, कधी उलटा. जाताना महिन्याच्या आत कापलेला समुद्र पार करायला तीन महिने लागले, हिरड्या सुजून-सुजून तीस माणसं मेली. उरलेल्यांत तीन जहाजं चालवण्याइतकीही माणसं नव्हती, म्हणून 'साव रफायल' मोंबासाच्या पुढे जाळून टाकलं. वास्कोचा सख्खा भाऊ पावलू घरी पोचण्याआधी अझोर्सला वारला.

कालिकतच्या राजाला, म्हणजे सामुतिरीला, त्यांनी काय नजराणा दिला, हे दादाला माहीत नव्हतं. मी सांगितलं : पट्ट्यापट्ट्यांचं कापड, लाल टोप्या, हॅट, पोवळ्यांच्या माळा, हात धुवायची सहा तस्तं, साखर, तेल आणि मध. सामुतिरीचे अधिकारी ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, म्हणाले.

"तस्तं?" दादानं परत विचारलं. "आणि मध? मलबारात?"

पुढे सेंट व्हिन्सेंट भूशिरावर दीपगृह आणि त्याच्या दाराशी जर्मन सॉसेजची गाडी, अमेरिकेच्या आधीचं शेवटचं सॉसेज अशी पाटी लावून. दादानं खाल्लं.

रविवार

परतीची बस. अल्जेझूरची रताळी बरोबर घेतली, दक्षिणेच्या आल्गार्व प्रांताच्या वाळूतली ही रताळी प्रसिद्ध आहेत. हॉटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये उकडली. बरी लागली, पण मीठ-तिखट हवं होतं.

सोमवार, ओरिएंट

सोमवारी इथली म्युझियमं बंद, म्हणून नदीकाठच्या नव्या भागात गेलो. १९९८ चं जागतिक प्रदर्शन इथे भरलं होतं, वास्कोच्या सफरीची पाचशे वर्षं म्हणून. पुलालाही त्याचंच नाव. मला मात्र इथल्या गार्सिया द ओर्ता बागेत जायचं होतं.

हा माणूस आपल्या जास्त जवळचा. पोर्तुगीज वैद्य, मूळ ज्यू घराण्यातला, १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहावर त्यानं उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५६३ मध्ये गोव्यात त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. हिंग, मिरी, नारळ, फणस, पटकीचा रोग, सगळं त्यात आहे. छपाई इतकी गचाळ की शुद्धिपत्रच वीसेक पानांचं. कामोंइशची पहिली छापील कविता याच पुस्तकात आली. चार वर्षांत त्याचं लॅटिन झालं आणि युरोपातले वैद्य त्यावरून शिकू लागले.

पुस्तकात ओर्ता एकटा बोलत नाही. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन त्याला औषधं सांगतो. अंतोनिया नावाची दासी झाडपाला आणून देते. ओर्ता १५६८ मध्ये मेला. दुसऱ्या वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला जाळलं, आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. त्यामुळे जेरोनिमुशमध्ये त्याचं थडगं असण्याचा प्रश्नच नव्हता. बाग मिळाली हे ठीकच झालं. बागेत पोर्तुगीज जिथे-जिथे गेले तिथली झाडं लावलीत. काही तगलीत, काही लिस्बनच्या थंडीनं खुरटलीत.

बाकावर बसून दादाला ओर्ताच्या मुंबईतल्या आंब्याची गोष्ट सांगितली. त्याच्या बागेतलं एक झाड म्हणे वर्षातून दोनदा फळायचं, एकदा नाताळच्या सुमाराला आणि एकदा मेअखेरीस. बिनहंगामी आंबा तितका गोड नसायचा, हेही त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय.

"दोनदा?" दादाला पटेना. "कुठल्या भागात होतं झाड? माझगावला?"

मला सांगता येईना. मेट्रोनं विमानतळ गाठेपर्यंत तो माझगावच्या आंब्यांवरच बोलत होता.